दादाचा नम्रपणा आणि आईची खोली

मी, चष्म्याच्या दुकानाची मालकीण, वय सेहेचाळीस, अविवाहित, अंथरुणाला खिळलेली पण डोके ठिकाणावर असलेली, कोणीही भरीस न घालता लिहून ठेवते की माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था अशी व्हावी.

उद्या आपल्या हाती नाही, असे आमच्या चर्चच्या मंडळीत लहानपणापासून शिकवतात. मी ते मानते. म्हणूनच लिहिते आहे. उद्याचा भरवसा असता तर उद्या लिहिले असते.

कलम पहिले. दुकान, मागच्या दोन खोल्या आणि काचा घासायचे यंत्र माझ्याकडच्या कारागीर बाईला मिळावे. अट एकच: आतली खोली आई असेपर्यंत आईची. बाई फटकळ आहे. "म्हातारीला सांभाळीन, पण तिचे उपदेश ऐकणार नाही," म्हणाली. चालेल.

कलम दुसरे. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, काहीही नाही. कारण लिहिण्याची कायद्याला गरज नसावी, मला आहे. आई त्याच्याकडे राहत असताना तिला काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा. मी तारीख घे म्हटले, की दादा म्हणे, "उद्याचं ठरवणारे आपण कोण गं? प्रभूची इच्छा असली तर होईल." मंडळीत त्याच्या नम्रपणाचे कौतुक झाले. त्याच हिवाळ्यात त्याची दाढ दुखली, तेव्हा दातांच्या डॉक्टरची वेळ त्याने फोनवर घेतली. प्रभूला विचारायला सवड झाली नाही. आईचे दोन्ही डोळे गेल्यावर तिला माझ्याकडे "चार दिवसांसाठी" आणून सोडले. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

परवा तो मला बघायला आला. मी डोळे मिटून पडले होते. बाहेर दुकानात भिंतीला मोजायची टेप लावून तो वहिनीला सांगत होता, "ही भिंत पाडू. एप्रिलपासून भाड्याने देऊ." एप्रिलबद्दल त्याला शंका नव्हती.

कलम तिसरे. वरचा मजकूर मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "परक्या बाईकडे कशाला? मी माझ्या लेकाकडे जाईन." मी त्याला फोन लावून दिला.

"मला नेशील ना रे?"

"प्रभूची इच्छा असली तर, आई."

आईचा चेहरा उजळला. "बघ, पोराला जराही गर्व नाही."

सबब आई त्याच्याकडे गेली तरी खोली तिचीच राहील. भाड्याने देऊ नये, माल भरू नये. तो तिला परत आणून सोडेल. हे वाक्य लिहून मी थांबले. उद्याचे मीच ठरवते आहे, तेही भावाबद्दल वाईट गृहीत धरून. खोडून पाहिले. खोडल्यावर आई रस्त्यावर आली, म्हणून पुन्हा लिहिले.

ती केव्हाही आली तरी बाईने दार उघडावे, आणि "तुमच्या लेकीनं सांगितलंच होतं" असे म्हणू नये. लेकाचा नम्रपणा एवढीच मिळकत आईकडे उरली आहे. ती काढून घेण्याचा अधिकार मी कोणालाही देत नाही.

लिहून देणार: दुकानाची मालकीण (सही)
साक्षीदार: शेजारचा औषधवाला (सही), मंडळीची पेटीवादक (सही)
स्थळ: दुकानामागची बाहेरची खोली
दिनांक: फेब्रुवारीचा शेवटचा बुधवार