बेडकीला सांगायचं नाही

६ मार्च
कपाट आवरायला घेतलं आणि तसंच बंद केलं. ह्यांच्या सगळ्या कपड्यांना क्लोरीनचा वास. एवढी वर्षं त्या वासाला नावं ठेवली — "घरात नवरा आलाय की तलाव?" आज त्यातच तोंड खुपसून बसले. हे जाऊन अकरा दिवस झाले.

८ मार्च
बेडकी अजून बोलत नाही. लेकीला हे नाव ह्यांनीच ठेवलं, धड चालायच्या आधी पोहायला लागली म्हणून. जेवते, भांडी घासते. "हो", "नको" — बस्स!

कारण मला माहीत आहे. ऑगस्टमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. तिची मोठी स्पर्धा डिसेंबरात. हे म्हणाले, "बेडकीला सांगायचं नाही. स्पर्धा होऊ दे." मग काय — ॲसिडिटी आहे, डाएट चालू आहे, बाबांना जरा बारीक व्हायचंय! चार महिने हसतमुखानं थापा मारल्या. स्पर्धा झाल्यावर सांगितलं, तेही आत्ताच कळल्यासारखं. ते चार महिने तिच्या हक्काचे होते. तिला ते कधी परत देणार मी?

९ मार्च
झोप बरी लागली. त्याचाच राग आला.

११ मार्च
तलावावर शोकसभा. ह्यांच्या हाताखालचा कोच म्हणाला, "सरांसाठी एक मिनिट शांत उभं राहू." झालं! सगळ्या बॅचनं छाती भरून श्वास घेतला आणि रोखून धरला. ह्यांच्याकडे एक मिनिट म्हणजे तेच ना! पोरांचे गाल फुगलेले, चेहरे लालबुंद. शेवटी चाळीस जण एकदम फुस्सकन सुटले. मला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला. नणंद पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड गं, रडून घे." काय सांगणार तिला!

एक जुनी विद्यार्थिनी बोलली. सर रोज प्रत्येकाला सरावाची वेगळी चिठ्ठी द्यायचे. दुसऱ्याच्या चिठ्ठीत डोकावलं की दोन फेऱ्या जादा. "आम्हाला वाटायचं, सरांचं सगळं लक्ष आपल्यावरच आहे." घरी तरी काय वेगळं होतं? तलावावर ओरडून घसा बसवून यायचे आणि त्याच बसलेल्या आवाजात बेडकीची वेणी घालत गप्पा. माझा डबा भरून ठेवलेला असायचा. चांगला होता गं माझा नवरा!

बेडकी मात्र पाण्याकडे पाठ करून उभी होती.

१२ मार्च
आज माफी मागणार होते. ती चहा घेऊन आली आणि मी म्हटलं, "साखर कमी आहे." मूर्ख बाई!

१५ मार्च
सांगितलं एकदाचं. भाजी निवडता निवडता, मान वर न करता. "ऑगस्टपासून माहीत होतं मला. तुझ्यापासून लपवलं."

ती म्हणाली, "मलाही ऑगस्टपासूनच माहीत होतं, आई. रिपोर्ट आला त्याच दिवशी बाबांनी तलावावर सांगितलं. तोंड उघडलं तर निसटेल म्हणून तर गप्प होते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"बाबा म्हणाले, 'तुला माहीत आहे हे आईला कळू देऊ नकोस. तुला फसवायचं म्हणून तरी ती हसत राहील.'"