तूर, कान आणि आई

रविवार, संध्याकाळ. पिस्कॅटवे.

ताईचं परत तेच. पुण्याहून फोनवर म्हणे, आईला फ्रान्स दाखवतोयस की तिथंही डिलिव्हरी करणार आहेस? किराण्याची व्हॅन चालवतो म्हणून हे ऐकायचं. आठ दिवसांत नऊ गावं, यात जास्त काय आहे? जुने किल्ले, मोठाली चर्चं, शेवटी समुद्र. ड्राइव्ह मी करणार. या दोघींनी नुसतं मागं बसायचं.

मग आईलाच स्पीकरवर घेतलं. गावांची नावं व्हिडिओ ऐकून ऐकून पाठ केली होती. म्हटलं, "आई, आधी तूर, मग तिथून कान."

"तूर तिथं मिळते होय? मग मी तुझ्यासाठी दोन किलो कशाला भरून ठेवलीय? आणि कानाला काय झालं रे?"

ताई हसून हसून खोकायला लागली. ही गावं आहेत म्हणून मी सांगतोय, तर आई म्हणाली, "तूर राहू दे. त्या कानाला काय आहे?"

"समुद्र."

"मग तिथंच बसू की तिघं. तीन वर्षांनी भेटणार, आणि मी आठ दिवस मागून तुझी मान बघत बसू? त्यापेक्षा येतच नाही मी."

राग आलाच. महिनाभर नकाशा बघत होतो, यार. पण ती आलीच नाही तर किल्ले कुणाला दाखवू? तूर कॅन्सल केलं. बाकीची सातही गेली, राहिलं फक्त कान. ताईला म्हटलं, आईचं तिकीट काढ, उद्या नऊशे डॉलर पाठवतो.