बाबांची वाकडी करवत

प्रिय शेंडेफळ,

बांधापलीकडे राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला पत्र लिहिणारी माझ्याइतकी शहाणी बाई तुला शोधूनही सापडायची नाही. हाक मारली असती तर तू धावत आली असतीस. पण तू समोर आलीस की माझ्या तोंडून काय निघतं, ते तुला माहीत आहे. काल तुझा मका बघून ‘बरा आलाय’ एवढंच म्हणाले. घरी आल्यावर पोटात असं दुखलं की तुझे भाऊजी गोळी शोधायला लागले. या दुखण्यावर गोळी निघालेली नाही, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार? असो. रविवारी माझ्या रानात लाकूडतोडे येताहेत. त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडायला हवं.

वाटणीच्या वेळी पहिली निवड बाबांनी मला दिली. मी थोरली ना! मी मोकळं रान घेतलं. सरळ, सपाट, नांगराला कुठे अडथळा नाही. तुझ्या वाट्याला झाडांचं रान आलं आणि सोबत बाबांची वाकडी करवत. मला वाटलं, संपलं हिचं. झाडं जमिनीतलं सगळं ओढून घेणार, सावलीत पीक खुरटणार आणि ही रिकामं पोतं घेऊन माझ्या दारात उभी राहणार. तेव्हा किती मोठ्या मनाने द्यायचं आणि देताना काय ऐकवायचं, सगळं मी ठरवून ठेवलं होतं. तू आलीच नाहीस. माझं ते सुंदर भाषण वाया गेलं.

उलट माझ्याच रानाला भेगा पडायला लागल्या. एकीत माझी चप्पल अडकून तुटली. तुझ्याकडचं ढेकूळ मात्र नुसतं दाबलं तरी मऊ भुगा होतो. दाबून बघितलंय मी. नुसतं बघितलंच नाही, तू परगावी गेली होतीस तेव्हा पिशवीभर माती उचलून, माझ्या मातीसोबत तपासायलाही नेली. प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, ही दुसरी माती फार लांबून आणलीत का? मी म्हटलं, हो, बरीच लांबून. त्या रानात कुठली झाडं आहेत ते सांगितल्यावर त्या कौतुकाने सांगत बसल्या. झाडाची मुळं पिकाच्या मुळांपेक्षा खोल जातात, तिथलं अन्न पानांत चढतं, पानं गळून कुजली की ते वरच्या मातीत उतरतं. त्यातून ही झाडं शेंगांची, म्हणजे हवेतला नत्रसुद्धा जमिनीला मिळतो. शेजारणीच्या मुलाचे मार्क ऐकावेत तशी मी ऐकत होते.

त्याच हंगामात मी झाडं लावली. तुला सांगितलं, कुंपणासाठी. रानाच्या मधोमध कुंपण कोण घालतं, असं तू विचारलं नाहीस. तुझा हा समजूतदारपणा माझ्या मनाला फार लागतो बघ. तुझ्या दोन ओळींत जेवढं अंतर, त्याच्या निम्मं मी ठेवलं. झाडं दुप्पट म्हणजे कस दुप्पट, आणि तू निम्मी! आता त्या झाडांचं छत झालंय. माती सुधारली, अगदी गांडुळंसुद्धा आली; पण वर ऊनच पोचत नाही. मका पांढुरका, लांब मानेचा, कणसात दात पडल्यासारखे चार-चार दाणे. तुझे भाऊजी म्हणतात, मुळापासून उडवू सगळी. म्हणून ते लाकूडतोडे.

पेरणीआधी तू झाडावर चढतेस, त्या वाकड्या करवतीने फांद्या छाटून पिकाला ऊन मोकळं करतेस आणि त्याच फांद्या ओळींमध्ये अंथरतेस. मी खिडकीतून बघते. तशी लहानपणापासूनच बघत आलेय. तू वर, बाबा खाली. कुठली फांदी ठेवायची, कुठली जाऊ द्यायची, ते बोट दाखवून सांगायचे आणि दोघं कशावर तरी हसायचात. मला कधी वर चढवलं नाही. थोरली हुशार आहे, तिला अभ्यास करू दे, म्हणायचे. त्या हुशारीचा टेंभा मिरवत मी खिडकीत बसले, पुस्तक उघडं आणि लक्ष तुमच्या हसण्याकडे. वाटणीत झाडं तुला गेली याचं मला काहीच वाटलं नव्हतं. करवत तुझ्या हातात दिली, ते आजही खुपतं.

तर ती करवत मागायला हे पत्र. ‘पाठवून दे’ असंच लिहिणार होते. पण नुसती करवत घेऊन मी काय भिंतीवर टांगू? लाकूडतोड्यांना मी ‘येऊ नका’ म्हणून कळवते. तू शनिवारी सकाळी करवत घेऊन ये. चढायची मात्र मी. गुडघे कुरकुरतील, भाऊजी ओरडतील, मीही वरून तुला चार शब्द सुनावेन. तिकडे लक्ष देऊ नकोस. तू खाली उभी राहा आणि कुठली फांदी ठेवायची ते मला बोट दाखवून सांग.

तुझीच,
खिडकीतली ताई