कट्टरता समजून घेताना

प्रिय लार्स,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. मशिदीला आग लागली त्या आठवड्यापासून तू घरी फिरकला नाहीस. तुझी आई रोज टेबलावर तुझी बशी मांडते, आणि जेवणं झाली की मी ती उचलून ठेवतो. थकलोय रे.

काल चर्चच्या तळघरात माझं व्याख्यान झालं. विषय नेहमीचाच, इस्लामी कट्टरता कशी समजून घ्यावी. निवृत्त राजदूताला दुसरं येतं काय? सना, अम्मान, कराची, तिथल्या दूतावासांतलं तेच दळण. ऐकणारेही तेच, पांढऱ्या केसांचे, बर्फातून गाड्या हाकत आलेले. मी सांगतो की पोरगा आधी धर्माकडे जात नाही, आधी तो एकटा पडतो. नोकरी सुटते, मैत्रीण सोडून जाते. मग कोणीतरी त्याला भाऊ म्हणतं आणि तुझं वाटोळं अमक्या लोकांनी केलं, असं पटवून देतं. हे मला झोपेतही म्हणता येईल. काल मात्र तिथेच थांबून पाणी प्यायलो.

आपल्याकडे कोणी हात वर करून प्रश्न विचारत नाही, तुला ठाऊक आहे. चिठ्ठी लिहून टोपलीत टाकायची, चर्चच्या आर्लीनबाई त्या वाचणार आणि टोचणाऱ्या गुपचूप खाली सारणार, म्हणजे कोणाची पंचाईत नको. पण काल होदान उभी राहिली, औषधाच्या दुकानातली. मशिदीची आग विझवताना ज्यांचे हात भाजले, ते तिचेच वडील. आर्लीनबाई म्हणाल्या, "अगं, चिठ्ठी दे ना." ती म्हणाली, "नको, तोंडानंच विचारते. साहेब, पोरगा असा हाताबाहेर जातो ते घरच्यांना खरंच कळत नाही? की कळतं, आणि गप्प बसतात?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी येमेनमधली, सना शहरातली गोष्ट सांगितली. तिथे एक बाप कट्टर गटात गेलेल्या स्वतःच्या मुलाचं नाव सांगायला दूतावासात आला होता. मी त्याला चहा पाजला, धीराचे दोन शब्द बोललो आणि तो गेल्यावर जेवायला बसलो. लोकांना ही गोष्ट आवडते. होदान म्हणाली, "मी गप्प बसणाऱ्यांचं विचारत होते," आणि खाली बसली.

मग कॉफी झाली. ताटातला केकचा शेवटचा तुकडा जो तो अर्धाच कापून घेत गेला, उरलेला सगळा उचलायचा प्रत्येकाला संकोच. निघताना होदाननंच माझा कोट आणून दिला. तिला काही ठाऊक नाही. म्हणाली, "सावकाश जा, रस्ता निसरडाय." मला फार लाज वाटली, लार्स.

पोलिसांनी पेपरात दिलेला, मशिदीबाहेरचा त्या रात्रीचा फोटो तू पाहिला असशील. पाठमोरा माणूस, हातात पेट्रोलचा डबा, चेहरा दिसत नाही. गावात कोणी ओळखला नाही. तुझ्या आईनं ओळखला आणि पेपर शेकोटीत घातला. मीही ओळखला. डावा खांदा पाडून उभं राहायची ती सवय तू माझ्याकडूनच घेतलीस. हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवून मी बाहेर गाडीत बसणार आहे. आलास तर दोघं मिळून शेरीफकडे, पोलीस ठाण्यात जाऊ. वकील करू, घर विकावं लागलं तर विकू, कोर्टात मी तुझ्या शेजारची खुर्ची सोडणार नाही. उजाडेपर्यंत आला नाहीस, तर मी एकटा जाईन आणि तुझं नाव सांगेन.

तुझाच,
बाबा