घरपोच पैसे, रोजची डाक

बाबा, आज मी तुमच्या डाकखात्यातल्या लोकांसमोर बसले होते. कोणत्या डाकसेवा प्रत्येकाला हक्काने मिळाल्याच पाहिजेत, हे ठरवणाऱ्या समितीत मला घेतलं आहे. तुम्ही जिथे डाक वाटायचात त्या बरगीकडच्या गावांचा विषय निघाला आणि मला तुमची सायकल दिसू लागली.

तुम्ही एका पोस्टकार्डासाठीही जात होता. आपल्या चेरीतालच्या घरी स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "एका कार्डासाठी चालले, जसे कलेक्टरच!" शाळेला सुट्टी होती म्हणून एकदा मीही मागे बसले. एका म्हातारीची मनीऑर्डर होती. दारात जावई उभा. "लाइए भैया, अम्मा सो रही हैं." तुम्ही उंबऱ्यावर बसता. "तो जगाइए, हम बैठे हैं." ऊन चढतं, मी कुजबुजते, "बाबा, देऊन टाका ना, काहून बसून राहिलो आपण?" तुम्ही माझ्याकडे वळून पाहता. "नाव तिचं आहे, तर हात तिचाच पाहिजे." ती आली, जावयाच्या डोळ्यांदेखत नोटा पदराला बांधल्या आणि हसली, "बिटिया को भी दौड़ा रहे हो, बाबूजी?" मग माझ्या ओंजळीत शिंगाडे ओतले. अजून ओले होते.

आज अध्यक्ष म्हणाले, "मैडम, अब सब खाते में आता है. घर जाकर पैसा देने की गारंटी किसलिए?" मी म्हटलं, "और जिसका एटीएम कार्ड दामाद की जेब में है, उसके लिए?" कोणीतरी हसलं, मग हसू थांबलं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "चलो, रख लेते हैं. पर दोनों नहीं बचेंगे. रोज़ की डाक छोड़िए, हफ़्ते में दो दिन बहुत है."

विचार करायला त्यांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ दिला होता. मी तो घेतला नाही, बाबा. त्यांचं मन फिरेल या भीतीने तिथल्या तिथे हो म्हटलं. आता बरगीकडे कोणी एका पोस्टकार्डासाठी त्याच दिवशी जाणार नाही. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता. म्हणून विचारलं नाही, आणि कळवतही नाही; हे सगळं मनातल्या मनातच सांगते आहे.