गेटवरच्या झिरमिळ्या

६ ऑक्टो., सोम.
दसरा झाला तरी गेटवरच्या झिरमिळ्या तशाच. झेंडू सुकला म्हणून तोरणं काढली, पण चंदेरी चमकीच्या माळा आमच्या मॅनेजरांनी, पाठारेसाहेबांनी, स्वतः लावलेल्या, त्यांना हात लावायची सोय नाही. खंडेनवमीला मॅनेजरसाहेब स्टुलावर चढले, दोन्ही खांबांना भरगच्च गुंडाळल्या, हळदकुंकू वाहिलं, फोटो काढून हेड ऑफिसला पाठवला. दरवर्षी आम्ही वजनकाटा नि हातगाड्या पुजतो. ह्या वर्षी त्या मागे कोपऱ्यात. एक फूलसुद्धा नाही.

गणपतीनंतर हे आरएफआयडी गेट, रेडिओलहरींनी टॅग वाचणारं, बसलं तेव्हापासून सगळं त्याचंच कौतुक. खोक्याला टॅग चिकटवा, दोन खांबांमधून ढकला, कॉम्प्युटर मोजतो, बिल आपोआप. बरं आहे, मी नाही म्हणत नाही. हवा तो खोका मिनिटात सापडतो. पण बाळारामची मोजणी बंद केली त्याचा राग आहे. बाळाराम भोईर, आमचा लोडिंगचा मुकादम. पहिल्या खोक्याला एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन. त्याचा बाप भाताची रास अशीच मोजायचा, आणि मोजायचा तो ह्याच जागेवर, आता जिथे गोदाम आहे तिथे. पाठारे म्हणाले, आता मशीन मोजतं, हा आरडाओरडा बंद.

१० ऑक्टो., शुक्र.
दिवाळीचा माल, त्यात हा घोळ. कॉम्प्युटर म्हणतो मुलांच्या कुर्त्यांचे खोके रॅकवर आहेत. रॅकवर काही नाही. अख्खा दिवस शोधाशोध. चार वेळा वर चढले, गुडघ्याची वाट लागली. ह्यांना म्हटलं, आज भात लावा तुम्हीच.

१३ ऑक्टो., सोम.
आज नको ते झालं.

सकाळी पाठाऱ्यांनी सगळ्यांना गेटपाशी बोलावलं. लोडर, ड्रायव्हर, पॅकिंगच्या बायका, सगळे. म्हणाले, सिस्टीममध्ये माल आहे, गोदामात नाही, गेटमधून गेल्याची नोंद नाही, म्हणजे मागच्या शटरने गेला. मागच्या शटरची चावी कोणाकडे? बाळारामकडे. झालं. चौकशी नाही, विचारपूस नाही. "गेट खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," हे त्यांचं वाक्य. असं काहीतरी छान बोललो म्हणून चेहऱ्यावर समाधानसुद्धा होतं.

बाळारामने चावी काढून टेबलावर ठेवली, चप्पल घातली, गेला. मी काय केलं? मीही उभीच राहिले. डिस्पॅच, माल रवाना करायचं काम, माझ्याकडे आहे, मी तोंड उघडायला हवं होतं. इतक्या वर्षांत त्या माणसाने फाटक्या खोक्यातला रुमालसुद्धा घरी नेला नाही.

१५ ऑक्टो., बुध.
कोन गावच्या नाक्यावर बाळाराम भेटला. मुद्दाम थांबला होता. मला वाटलं पगाराचं विचारेल. म्हणाला, "ताई, मना चोर बोलला तो सगल्यांसमोर. आता गावान कंच्या तोंडान जाऊ?"

मी म्हटलं बघते काहीतरी. काय बघणार, कपाळ.

१७ ऑक्टो., शुक्र.
कॉन्फरन्स रूममध्ये पाठाऱ्यांचं प्रेझेंटेशन. विषय: पुढची पाच वर्षं. बाण सगळे वर जाणारे. टॅग स्वस्त होत जाणार, औषधं, भाजीचे क्रेट, सायकलचे टायर, सगळ्याला टॅग लागणार, मोठी दुकानं टॅगशिवाय माल घेणार नाहीत, जो गेट बसवणार नाही तो धंद्यातून उठणार. चुकीचं आहे असं नाही. होईलही तसं. पण शेवटी काय म्हणावं पाठाऱ्यांनी? "आपल्याकडे गेटमुळे चोरीसुद्धा पकडली गेली." बाळारामची इज्जत त्यांनी स्लाइडवर चढवली. बिस्किटं होती, एकाला हात लावला नाही.

चहाच्या वेळी विचारलं, साहेब, चोरी सिद्ध कुठे झाली? म्हणाले, "डेटा आहे ना मॅडम." डेटा म्हणे.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज
दरवर्षी बाळारामची बायको दिवाळीत गोदामावर करंज्यांचा डबा पाठवते. ह्या वर्षी अर्थातच नाही. फोन केला, तिने उचलला, आधी नुसतं बऱ्या आहात का विचारलं. तो म्हणे घरातनं बाहेर पडत नाही. लेकीला बघायला येणार होते ते लोक पुढे बघू म्हणालेत. हे मागून सांगते बिचारी, अगदी सहज.

माझे भाऊ आले, जेवले, गेले. लक्ष नव्हतं.

२८ ऑक्टो., मंगळ.
हे लिहायलाच हवं, सविस्तर.

माझं एंट्रीचं कार्ड मी डब्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवते. कोण रोज काढत बसणार, अख्खी पिशवीच दाराच्या मशीनवर टेकवते, दार उघडतं. आज डब्याचं झाकण तुटलेलं म्हणून पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळून पिशवीत टाकल्या. दार उघडेना. टेकवते, फिरवते, पुसते, छे. वॉचमन म्हणाला कार्ड गेलं तुमचं. वैतागून कार्ड बाहेर काढलं, टेकवलं, उघडलं. परत पिशवीत, बंद. पोळ्या काढल्या, उघडलं.

पोळ्या हातात घेऊन मी तशीच उभी. समोर गेट. गेटवर पाठाऱ्यांच्या चंदेरी झिरमिळ्या, फॉइलसारख्याच, पंख्याच्या वाऱ्याने हलतायत.

पाठारे ठाण्याला मीटिंगला. एक टॅग लावलेला खोका घेतला, झिरमिळ्या दाट आहेत तिथून नेला. कॉम्प्युटर गप्प. हाताने माळ बाजूला धरायला लावली पॅकिंगच्या बाईला, परत नेला. वाजलं. कधी वाचतं, कधी नाही, माळ कुठे लोंबतेय त्यावर. अरे देवा. म्हणजे खोके गेले पुढच्याच दाराने, आपल्याच ट्रकमध्ये. गेटला दिसले नाहीत एवढंच.

२९ ऑक्टो., बुध.
शहाडच्या दुकानात फोन लावला. त्यांच्याकडे टॅग वाचायचं मशीन नाही, तिथे अजून माणूसच मोजतो. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडून दसऱ्यापासून बिलापेक्षा जास्तच खोके येतायत. पाठारेसाहेबांना मेल केले मी. उत्तर नाही आलं." कुर्तेच. बिल गेट सांगेल तेवढ्याचंच निघतं, मग जास्तीचं कळणार कोणाला? खडवलीच्या दुकानातही तेच.

माल दुकानात खुशाल पडलाय आणि माणूस घरात तोंड लपवून बसलाय. संताप झाला नुसता.

३० ऑक्टो., गुरु.
पाठाऱ्यांना सगळं सांगितलं. खोका नेऊन दाखवला. मला वाटलं निदान ओशाळतील.

दार लावून घेतलं. म्हणाले, तुमचं बरोबर असेल मॅडम, पण पुढच्या शुक्रवारी, ज्यांचा माल आपण ठेवतो त्या कपड्यांच्या कंपनीची माणसं गेट बघायला येणार, त्यांच्या बाकीच्या सगळ्या गोदामांची ऑर्डर आपल्याला मिळणं त्यावर आहे, आता मी सांगू का की माझ्याच सजावटीने गेट आंधळं झालं? बाळारामला पनवेलच्या गोदामात घेऊ, विषय संपला.

मी म्हटलं, "चोर सगळ्यांसमोर म्हणालात. चोर नाही हेही सगळ्यांसमोरच म्हणा."

मोबाइल उचलला. मग म्हणाले, कशाला विषय वाढवता.

मी वाढवते. मी!

३ नोव्हें., सोम.
सकाळी येऊन बघते तर गेट चकाचक. झिरमिळ्या गायब, चिकटपट्टीचे डागसुद्धा पुसलेले. रविवारी कोणाला तरी बोलावून काढून घेतल्या. गेट आता एकूण एक खोका वाचतं. पाठारे शीळ घालत फिरतायत. बाळारामचं नाव नाही.

त्याला पनवेलचं विचारलं फोनवर. म्हणाला, "पनवेलला गेलो तं गाव बोलंल, चोरी केली म्हणून हाकलला. नको ताई." बरोबरच आहे त्याचं.

५ नोव्हें., बुध.
ह्यांचं म्हणणं, तुझी अजून सहा वर्षं नोकरी आहे, आपल्या मुग्धाचं कॉलेज व्हायचंय, तू तुझं बघ, हेड ऑफिसला निनावी मेल टाक फार तर. निनावी का म्हणून? चोरी मी केलीय का? जेवताना मुग्धा दोघांकडे बघत होती. भाजी खारट झालेली, तेही कोणी म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर भीती वाटते. पाठारे वाईट बोलत नाहीत, हळूच बाजूला करतात.

६ नोव्हें., गुरु.
पाठाऱ्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं: उद्या पाहुण्यांना गेट शुभांगीमॅडम दाखवतील, त्यांना सगळं माहीत आहे. माझ्याकडे बघून हसले. म्हणजे मी त्यांच्यात जमा. माझ्या तोंडूनच गेटचं गुणगान करून घ्यायचं, की मग मला परत बोलायला जागा नको.

बरं. दाखवते.

येताना कल्याणला उतरले. सजावटीचं सामान दुकानदाराने आवरून वर टाकलेलं, शिडी लावून तशाच चंदेरी झिरमिळ्या काढून दिल्या. दिवाळी झाली ना ताई, आता कशाला, म्हणाला. म्हटलं, आमच्याकडे एक पूजा राहिलीय.

बाळारामला फोन केला. उद्या पाहुण्यांसमोर ये, खोके मोजायला. मोठ्याने मोज, लाभपासून, आधी गेट मोकळं असताना, मग मी झिरमिळ्या लावेन तेव्हा परत.  येतो म्हणाला नाही, नाही येत असंही म्हणाला नाही. मागे त्याची बायको काहीतरी सांगत होती, फोन ठेवला गेला.

ह्यांना सांगितलेलं नाही. सकाळी सांगेन, किंवा नाही.

झिरमिळ्या डब्याच्या पिशवीत ठेवल्यात, पोळ्यांच्या खाली. कार्ड काढून पर्समध्ये टाकलं, नाहीतर उद्या दारच उघडायचं नाही.