मनगटावरची आठ हजार पावलं

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

नवी पेठ, सोलापूर
३ सप्टेंबर २०२५

चि. गुरुलिंग यास अप्पाचे अ. उ. आ.

पत्रास कारण, तुझं खोकं पोचलं. फोनवर तू मीटिंगमध्ये असतोस आणि मी ऐकलेलं सोयीनं विसरतो असं तुझं म्हणणं, तेव्हा लिहूनच बोलू. वीस स्मार्टवॉच दुकानासाठी, एक माझ्या मनगटासाठी आणि सोबत तुझी अट. गेल्या साली दुकानात मला एकदा घेरी आली, ती तू अजून धरून बसलायस. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत रोज आठ हजार पावलं पडली तर मी सोलापुरात राहायचं. नाही पडली तर तुझ्या आजोबांनी घातलेलं घड्याळाचं दुकान बंद करून पुण्यात तुझ्या सातव्या मजल्यावर येऊन बसायचं. पोरानं बापाची पावलं मोजायची, असे दिवस आले म्हणायचे. बरं, मोज.

तुझ्या घड्याळ कंपनीच्या साहेबांना इथल्या मार्केटचा अंदाज हवाय ना, लिहून घे. वीसपैकी तीन गेली. एक जुळे सोलापूर भागातल्या एका क्लार्कनं नेलं. फोन आला की मनगटावर नाव दिसतं, मग ते बरोबर आहे का बघायला तो खिशातून फोन काढतो. दुसरं एका नवरदेवानं नेलं आणि चौथ्या दिवशी तक्रार घेऊन आला, की घड्याळ म्हणतं झोप कमी झाली. तोंड बघून मीही तेच सांगितलं असतं. तिसरं मीच उजनीकाठच्या आपल्या शिवप्पाच्या गळ्यात मारलं.

बाकीचे येतात, हात झटकतात, उजेड पडला की हसतात आणि सेल बदलायला जुनं घड्याळ पुढं करतात. याला तर उघडायला पाठच नाही, बिघडलं तर मी काय करू? तरी भवितव्य चांगलं आहे असं कळव. आपल्या गावात माणूस आधी समोरच्याचं मनगट बघतो, मग तोंड.

तुझी अव्वा बरी आहे. शेंगाचटणीच्या ऑर्डरी वाढल्यात, सकाळभर उखळापाशी असते.

माया आहे तेवढी राहू दे, पावलांवर ठरवू नकोस.

तुझा अप्पा,
चनबसप्पा

बाणेर, पुणे
२८ सप्टेंबर २०२५

ती. अप्पा यांस गुरुलिंगचा शि. सा. न.

अप्पा, मी हरलो. पहिल्या आठवड्यात दीड हजारावर अडकलेले तुम्ही, आता रोज नऊ-दहा हजार. गुरुवारी तर तेरा. तुमचे आकडे माझ्या फोनवर बघून साहेबांनी तुमचा आलेख स्लाइडवर घातला. टियर टू शहरातले ज्येष्ठ नागरिक, प्रचंड पोटेन्शियल, असं त्याखाली लिहिलंय. सगळी पावलं सकाळी नऊ ते बारात पडतात, म्हणजे तलावाला फेऱ्या मारत असणार. दुकान उशिरा उघडता ते बरं करता.

अव्वाला सांगा, तुमच्या खाण्याकडं लक्ष ठेव. तिच्यासाठीही काहीतरी घ्यायचं मनात आहे, पण ती मागत नाही, त्यामुळं सुचत नाही.

रागावलात तरी आपला म्हणत जा.

गुरु

नवी पेठ, सोलापूर
५ ऑक्टोबर २०२५

मित्रवर्य शिवप्पा यास चनबसप्पाचा शरणु.

तुला गळ्यात मारलेलं घड्याळ तू म्हशीच्या गळ्यात बांधलंस असं कानावर आलं. चांगलं केलंस, कंपनीला तिचेही आकडे कळव.

आता माझी गंमत ऐक, आणि गुरूला एक शब्द बोलायचा नाही. आठ हजार पावलं माझ्या बापाच्यानं झाली नसती. एकदा अंघोळीला जाताना घड्याळ उखळापाशी विसरलो. शेंगात हरवेल म्हणून बसव्वानं ते हातात घातलं आणि कुटत बसली. उठली तेव्हा सहा हजार! हात खाली-वर झाला की यंत्राला वाटतं माणूस चाललाय. आता रोज मीच तिच्या मनगटावर बांधतो, त्याला जोडलेला माझा फोन तिथंच कोनाड्यात ठेवतो आणि वेळेवर दुकान उघडतो. बायको बसल्या जागी चालते आणि माझं दुकान वाचतं, एवढा उपयोग या वस्तूचा कंपनीलाही ठाऊक नसेल.

ते मधूनच थरथरतं अशी तिची कुरकुर आहे. इंग्रजीत काहीबाही उमटतं म्हणे. बघू नकोस म्हणून सांगितलंय.

केळीचा घड पाठव, लोभ आपोआप वाढेल.

चनबसप्पा

बाणेर, पुणे
९ नोव्हेंबर २०२५

ती. अप्पा यांस शि. सा. न.

हे पत्र कुरिअरनं पाठवतोय. या आठवड्यात चार वेळा तुमच्या नाडीचे ठोके अनियमित पडल्याचा इशारा आला. चारही वेळा सकाळी, चालताना. काल फोन केला तर अव्वानं उचलला. जिना चढून आली असावी, बोलताना धाप लागत होती. अप्पा दुकानात आहेत, बरे आहेत, एवढंच म्हणाली. मी तिला बजावलंय की तुम्हाला डॉक्टरकडं नेऊनच सोड. चालणं ताबडतोब थांबवा. तपासणी केली नाहीत तर रविवारी येऊन मीच कुलूप लावीन. मला भीती वाटतेय, अप्पा.

गुरु

नवी पेठ, सोलापूर
१४ नोव्हेंबर २०२५

चि. गुरुलिंग यास अ. उ. आ.

झाली तपासणी. आज सकाळी छातीला वायरी लावल्या, ईसीजीची पट्टी काढली, रक्त घेतलं. डॉक्टर म्हणाले, हृदय चाळिशीतल्या माणसाचं आहे. आता तुझ्या साहेबांना सांग, सोलापूरचे ठोके मोजायला वेगळं यंत्र आणा. धडधाकट माणसाला आजारी ठरवायचं आणि पुढच्या वर्षी त्याहून महाग घड्याळ विकायचं, हेच तुमचं पोटेन्शियल असेल तर माझ्याकडचे उरलेले सतरा नग परत घ्या.

अव्वा सोबत आली होती. गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून तिला रिक्षानं ये सांगून मी पुढं आलो. दीड वाजला, ती अजून पोचलेली नाही. बायका कुठं बसतील नेम नाही.

भिऊ नकोस. आशीर्वाद आहेतच.

तुझा अप्पा

सोलापूर
२० नोव्हेंबर २०२५

लेकरा गुरु, अव्वाचा आशीर्वाद.

मी सातवी शिकलेली, चुकलं तर सांभाळून वाच. ती पावलं अप्पांची न्हवती. माजी होती, उखळावरची. सातवा मजला नको म्हणून मीबी गप ऱ्हायले.

तू फोन केलास तवा मी जिना चढले न्हवते, कुटत होते. अप्पांना डॉक्टरकडं ने म्हणालास. नेलं की.

अप्पा दुकानाकडं गेले आनि मला दवाखान्यातल्या बाकड्यावरून उठवेना. घड्याळ पदराखाली थरथरत होतं. नर्सनं बगितलं. तिला म्हणलं, बाई, ह्यात काय लिवलंय वाच. ती म्हणाली, ठोके बराबर न्हाईत, थांबा, आराम करा असं लिवलंय. मला हसूच आलं. एकतीस वर्सं चटणी कुटते, ह्या घरात मला थांब म्हणणारं हे पयलंच. मग माज्याबी छातीला वायरी लावल्या. चार दिवस तितंच ठेवलं. गोळ्या चालू हायत, कुटणं बंद.

अप्पा दुपारी धावत आले. माज्या चपला हातात धरून खाटेच्या पायथ्याशी बसले. ते घड्याळ मीच बांधत होतो, एवढंच म्हणाले. नंतर लई रडले. तू त्यांना बोलू नको, मी काय बोलायचं ते बोलले.

आता दुकान उघडायच्या आदी तेच कुटत्यात. चटणी जाड ऱ्हाती, गिऱ्हाईक कुरकुरतंय. कुरकुरू दे. पावलांची अट मी मोडली. आमी दोगं हितंच ऱ्हाणार.

घड्याळ मी परत देणार न्हाय. तवा तुज्या फोनवर आता आकडा लई कमी दिसंल. दिसला की घाबरू नको, अव्वा बसलीय समज.

तुजी अव्वा,
बसव्वा